कावी-कंबोई : महीच्या मुखाशी एक अख्खी भरती

सुरसागरकाठी

नमस्कार मंडळी,

बडोद्यातल्या मराठी घरांत समुद्र म्हटलं की मन थेट कोकणात धावतं. दिवाळीची सुट्टी, दोन महिने आधी काढलेली तिकिटं, आणि मग गणपतीपुळे नाहीतर हर्णै. घरापासून ७५ किलोमीटरवर समुद्र आहे, ही गोष्ट आमच्या घरात वर्षानुवर्षं कुणी जमेसच धरली नव्हती. कारणही तसंच आहे. तिथे वाळू नाही, नारळीच्या बागा नाहीत, फेसाळत्या लाटा नाहीत. आहे तो चिखल, आणि त्या चिखलावर दिवसातून दोनदा येणारं पाणी. या पाण्यासाठीच हा धागा काढतोय.

जागा तुम्हा सगळ्यांना ऐकून माहीत असेल. कावी-कंबोईचं स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ. भरतीला बुडतं आणि ओहोटीला उघडं पडतं, ते. जंबुसर तालुका, भरूच जिल्हा. मही नदी इथे खंभातच्या आखाताला मिळते. नदीचं पात्र मुखाशी इतकं पसरलंय की लोक तिला महीसागर म्हणतात, आणि काठावर उभं राहिलं की ते नाव अगदी पटतं. पलीकडचा काठ दिसत नाही. तिकडे कुठेतरी खंभात आहे एवढंच आपल्याला ठाऊक असतं.

रस्ता सोपा : अटलादरा, पादरा, जंबुसर, कावी. पादऱ्यापर्यंत भाजीचे मळे, पुढे कानम पट्ट्याची काळी जमीन, कापूस आणि तूर. जंबुसर मागे पडलं की झाडं हळूहळू बुटकी होतात, वाऱ्याला खारट वास येतो आणि अचानक जमीन संपते.

पहिल्यांदा आम्ही गेलो ते आजीच्या हिशोबावर. आजी मूळची जयगडकडची. तिनं आम्हा भावंडांना शिकवलेलं, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. म्हणून पौर्णिमेला सकाळी दहाला पोहोचलो, बाराला देऊळ बुडताना बघू म्हणून. पाण्याचा पत्ता नव्हता. क्षितिजापर्यंत राखाडी, चकचकीत चिखल. एक वाजला, मुलगी भुकेनं कुरकुरायला लागली, सासऱ्यांना ऊन लागलं, आणि दीड वाजता आम्ही निघालो. आजी कधी चुकली नव्हती, म्हणून घरी येईपर्यंत मला फार वाईट वाटत होतं.

दोन महिन्यांनी पुन्हा पौर्णिमा धरून गेलो, पण या वेळी देवळातल्या भरती-ओहोटीच्या पत्रकाची वेळ आधी विचारून घेतली आणि संध्याकाळपर्यंत थांबायचंच असं ठरवून गेलो. बरोबर तिखटमिठाच्या पुऱ्या, लीलो चेवडो आणि दोन छत्र्या.

काठाजवळ चिखलात वीतभर रुंदीचा एक ओहोळ होता. ओहोटीचं उरलंसुरलं पाणी त्यातून समुद्राकडे झिरपत चाललं होतं. त्यात तिवराचं एक पिवळं पान हळूहळू बाहेर निघालं होतं. मुलगी त्याच्यावर डोळा ठेवून बसली होती. दोन वाजून गेल्यावर ती ओरडली, "बाबा, पान थांबलं!" खरंच थांबलं होतं. जागच्या जागी थोडं थरथरलं, मग गोल फिरलं आणि उलट्या दिशेनं आमच्याकडे यायला लागलं. समोर समुद्र अजून कुठेच दिसत नव्हता. त्या पानानं आम्हाला सांगितलं की भरती लागली.

मग सगळे ओहोळ भरले. मोठे चर भरले. त्यानंतर एक हलका सळसळ आवाज, वाळलेल्या पाचोळ्यावरून कुणी चालत यावं तसा, आणि चिखलावरून फेसाची एक पातळ कड सरकत आली. लाट नव्हे, नुसती कड. ती पुढे आली की मागचं सगळं पाणी झालेलं असायचं. चहाच्या रंगाचं गढूळ पाणी. देवळाच्या पायऱ्या एकेक करून गेल्या, मग पिंडी गेली, मग खांब खालून वर बुडत गेले. आजूबाजूच्या लोकांनी "हर हर महादेव" म्हटलं, फोटो काढले, आणि बरेचसे निघून गेले. आम्ही बसून राहिलो. पाणी चढायचं थांबलं तेव्हा सगळीकडे अशी शांतता पसरली की वाराही पडल्यासारखा वाटला.

माझं म्हणणं एवढंच आहे : देऊळ बुडतं ती दहा-पंधरा मिनिटं बघायला जाऊ नका. त्या पानापासून ते पाणी थबकेपर्यंत बसायची तयारी ठेवा. खाडी बघायची ती अशीच बघायची असते.

आणखी कोण गेलंय? आजीचा हिशोब का चुकला, हेही कुणाला ठाऊक असेल तर सांगा.

रत्नागिरीची नात

तुमच्या आजीचा हिशोब चुकलेला नाही हो! तो कोकण किनाऱ्याचा हिशोब आहे आणि तिथे आजही अंदाजाला तो पुरतो. भरती रोज साधारण पाऊण तासानं, नेमकं म्हणाल तर ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यातूनच तो पाऊणपटीचा नियम आलाय. पण भरतीचा फुगवटा अरबी समुद्रातून आखाताच्या आत चढत येतो, आणि एवढ्या लांब, उथळ आखातात त्याला वेळ लागतो. त्यामुळे मुंबई-रत्नागिरीला भरती होऊन गेल्यावर काही तासांनी ती कंबोईला पोहोचते. तुम्ही बाराला तिथे होतात तेव्हा जयगडची खाडी तुडुंब भरलेली असणार.

दुसरं म्हणजे उंची. मुंबईला उधाणाचं पाणी पाच मीटरच्या घरात चढतं. खंभातच्या आखातात ते दहा मीटरच्याही वर जातं. आखात नरसाळ्यासारखं आहे, तोंडाशी रुंद आणि आत अरुंद. तेवढंच पाणी अरुंद जागेत शिरलं की वर चढण्यावाचून त्याला जागाच उरत नाही. आणि तळ जवळजवळ सपाट असल्यामुळे ओहोटीला ते मैलोन्‌मैल मागे जातं. म्हणून तुम्हाला क्षितिजापर्यंत चिखल दिसला.

पौर्णिमा-अमावास्येनंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण सगळ्यात मोठं असतं. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, तेव्हा पाणी कमी चढतं. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी उधाणच धरावं.

मांडवीवाला

मी वेगळं मत मांडतो, राग मानू नये. आम्ही शनी अमावास्येला गेलो होतो. गाडी लावायला जागा नाही, दर्शनाला एवढी मोठी रांग, काठावर प्लास्टिक, निर्माल्य. अर्ध्या तासात परत फिरलो. बायको म्हणाली, याच्यापेक्षा सिंधरोटला महीच्या काठी बसलो असतो तर बरं झालं असतं. निसर्ग म्हणून त्या जागेत काय बघायचं ते मला अजून कळलेलं नाही.

सुरसागरकाठी

@मांडवीवाला, राग कशाला? गर्दीच्या दिवशी गेलात तर तुमच्यासारखंच वाटणार. महाशिवरात्र, श्रावणी सोमवार, शनी अमावास्या हे भक्तांचे दिवस, आणि ते त्यांचेच असू द्यावेत. आपल्याला खाडी बघायची असेल तर पौर्णिमेनंतरचा साधा मंगळवार-बुधवार धरा. आम्ही दुसऱ्यांदा गेलो तेव्हा पाणी चढल्यावर काठावर मोजून अकरा माणसं उरली होती. प्लास्टिकचं म्हणाल तर तुमचं खरं आहे, आणि ते बघून माझाही जीव कळवळतो, कारण तिथे टाकलेली पिशवी भरतीनं उचलली की सरळ तिवरांच्या मुळांत जाऊन अडकते. आम्ही आमचं सगळं परत आणतो, शिवाय जमेल तेवढं दुसऱ्यांचंही.

कुरव

पक्ष्यांसाठी जाणारा मी. बडोद्यातून पक्षी बघायला सगळे वढवाण्याच्या तलावावर जातात, आणि जायलाच हवं, पण चिखलावरचे पक्षी बघायचे तर खाडीच. हिवाळ्यात ओहोटीच्या वेळी दुर्बीण लावून बसा. रोहित (फ्लेमिंगो) दिसतात, कुरव दिसतात, आणि चिखलात लांब चोच खुपसत धावणारे छोटे पाणपक्षी तर मोजता येत नाहीत. भरती चढायला लागली की हे सगळे पाण्याच्या कडेबरोबर मागे मागे सरकत आपल्याच दिशेनं येतात. म्हणजे धागाकर्त्यांचा सल्ला पक्षीवाल्यांनाही लागू. एका जागी बसा, पक्षी तुमच्याकडे येतील.

आणि पक्षी नसतील तेव्हा निवटे बघा. गुजरातीत लेवटा म्हणतात. बोटाएवढा मासा, पण पाण्याबाहेर चिखलावर पुढच्या परांवर रेटा देत चालतो. डोळे डोक्याच्या वर, बेडकासारखे. मी एकदा तासभर एका निवट्यासमोर उकिडवा बसलो होतो. तो दर थोड्या वेळानं एक एक डोळा खोबणीत आत ओढून ओला करून पुन्हा बाहेर काढायचा. मध्येच शेजारचा निवटा त्याच्या बिळाजवळ आला, तर यानं पाठीवरचा पर ताडकन उभा केला आणि दोघं तोंड उघडून समोरासमोर उभे. पाणी आलं तेव्हाच भांडण मिटलं.

एक कळकळीची सूचना. चिखलावर उतरू नका. वरून घट्ट दिसतो, पण गुडघ्यापर्यंत पाय जातो आणि निघत नाही. अशा वेळी या आखातातलं पाणी ज्या वेगानं येतं ते लक्षात घ्या. मुलांचा हात धरूनच उभे राहा. पोहण्याचा विचारही नको.

दांडियाबाजारची सून

इतके लांब जाताच आहात तर कावी गावातली जैन देरासरं चुकवू नका. लोक सरळ कंबोईला जातात आणि कावी रस्त्यात मागे पडतं. सास-वहूची देरासरं म्हणतात त्यांना. गोष्ट अशी सांगतात की सासूनं आदिनाथाचं देऊळ बांधलं, त्याचा दरवाजा ठेंगणा. सून आत जाताना तिचं डोकं आपटलं आणि ती म्हणाली, दार जरा उंच करायला हवं होतं. सासू म्हणाली, तुला उंच हवं तर माहेरून पैसे आण आणि तुझं बांध. सुनेनं खरंच आणले आणि धर्मनाथाचं देऊळ उभं केलं.

मी सासूबाईंबरोबर गेले होते. पुजारी गुजरातीत ही गोष्ट सांगत होते, आणि गोष्ट संपल्यावर सासूबाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवून मला त्या ठेंगण्या दारातून वाकवून आत नेलं. म्हणाल्या, "सांभाळून गं." त्यानंतर दोन वर्षांनी त्या गेल्या. मला कावी म्हटलं की आधी तो हात आठवतो.

पेन्शनर रावपुरा

धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. चूकभूल द्यावी घ्यावी.

या पाण्याची दखल फार जुनी आहे. पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशांच्या ‘पेरिप्लस’ या सागरी मार्गदर्शिकेत या आखाताच्या टोकाला ‘माइस’ नावाची नदी येते, ती आपली मही. भरूचकडे येणाऱ्या जहाजांना भरतीचं पाणी किती घातक आहे याचं त्यात सविस्तर वर्णन आहे. पुढे १३४२ साली मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता खंभातला आला. त्यानं लिहून ठेवलंय की ओहोटीला जहाजं चिखलात बसलेली असतात आणि भरती आली की तरंगायला लागतात. तुम्ही ज्या चिखलाकडे बघत बसलात, त्याच्याच पलीकडच्या काठावर हे बंदर होतं. त्या काळी जगभरचा माल तिथे उतरत असे. शेवटी या गाळानंच ते बुजवलं. आज खंभात म्हटलं की लोकांना अकीक आणि सुतरफेणी आठवते.

आणखी एक. १९ मार्च १९३० च्या रात्री गांधीजींनी दांडीयात्रेत मही ओलांडली ती याच खाडीपट्ट्यात, कंकापुराहून कारेलीला. पाणी असेल तेव्हाच नाव चालणार, म्हणून भरतीची वाट बघून रात्री निघाले. दोन्ही काठांना चिखल. गावकरी हातात दिवे घेऊन पाण्याच्या कडेला उभे होते. माझे वडील ही हकीकत सांगायचे तेव्हा नेहमी म्हणायचे, सरकारच्या कायद्याविरुद्ध निघालेल्या माणसालाही महीची वेळ पाळावी लागली. कारेली जंबुसर तालुक्यातच आहे. वाट वाकडी करून जाऊन या.

आमच्या लहानपणी पादरा, मासर रोड करत छोटी गाडी जंबुसरला जायची. वेग असा की मुलं उतरून बोरं वेचत. गायकवाडी रेल्वेची ती नॅरोगेज. तिनं गेलो असतो तर कानमचा कापूस हात लावून बघता आला असता. आता मोटारीत ते नाही.

माळव्याचा मुसाफिर

इंदूरहून रामराम. बडोदेकर महीबद्दल इतकं प्रेमानं लिहितायत म्हणून सांगतो, ही मुलगी आमच्याकडची. उगम धार जिल्ह्यात, सरदारपूर तालुक्यातल्या मिंडा गावाजवळ. तिथून राजस्थानात शिरते, वळसा घेऊन गुजरातेत उतरते, आणि या फेरीत कर्कवृत्त दोनदा ओलांडते. एकूण ५८३ किलोमीटर. आम्ही धारला पाहुण्यांकडे जातो तेव्हा उन्हाळ्यात तिच्यातून चालत पलीकडे जातो, घोट्यालाही पाणी लागत नाही. तुमच्या इथे पलीकडचा काठ दिसत नाही हे वाचून अंगावर काटा आला. लेकीला सासरी बघायला एकदा यायलाच हवं.

सुरसागरकाठी

@माळव्याचा मुसाफिर, या, अवश्य या. बडोद्यात उतरा, सकाळी शेवउसळ खाऊन निघू.

माझ्या मुलीनं विचारलेला एक प्रश्न इथे सांगतो. आपली विश्वामित्री कुठे जाते? पावागढावरून निघते, बडोद्यातून वळत वळत जाते, मगरींसकट! पुढे ढाढर नदीला मिळते आणि ढाढर याच आखातात येते. म्हणजे कंबोईला समोर जे पाणी चढतं त्यात आपल्या काळाघोडा पुलाखालचंही पाणी आहे. हे कळल्यापासून ती पुलावरून जाताना खाली बघून "जा, कंबोईला भेटू" म्हणते.

रत्नागिरीची नात

एक विचारायचं राहिलं. आई ८२ वर्षांची आहे, गुडघे दुखतात, पण हा धागा वाचून दाखवल्यापासून ती मागे लागलीय. लग्न होऊन बडोद्याला आली त्याला साठ वर्षं झाली. तिला नेता येईल का? चालावं किती लागतं?

कुरव

ताई, नेता येईल. गाडी बऱ्यापैकी जवळ जाते, पण देवळाच्या पायऱ्या निसरड्या असतात, शेवाळ आणि गाळ साचतो. काकूंना पायऱ्या उतरवू नका, वरच काठावर बसवा. घडीची खुर्ची, छत्री, पिण्याचं पाणी घरूनच न्या, तिथलं खारं लागतं. दुपारी देवळाच्या आश्रमात प्रसादाचं जेवण मिळतं. थंडीच्या दिवसांत न्या, उन्हाळ्यात चिखलावरचं ऊन डोळ्यांना फार त्रास देतं.

सुरसागरकाठी

आणि पत्रकातली वेळ आधी विचारूनच निघा. आजीच्या पाऊणपटीवर जाऊ नका.

रत्नागिरीची नात

जाऊन आलो. लिहायला आठवडा गेला.

गुरुवार होता, पौर्णिमेचा दुसरा दिवस. आईला काठावर खुर्चीत बसवलं. चिखल बघून ती आधी काहीच बोलली नाही, नुसता पदर सारखा करत बसली. मला वाटलं हिरमुसली. मग म्हणाली, "सुकती लागलीय. अजून वेळ आहे." सुकती! हा शब्द मी तिच्या तोंडून लहानपणानंतर ऐकलाच नव्हता. ओहोटीला तिच्या गावी हेच म्हणत. त्यानंतर ती बोलतच राहिली. सुकतीला बायका कालवं काढायला कशा जायच्या, खडकावरून कोयत्यानं कशी फोडायच्या, तरीत बसून पलीकडे आजोळी जाताना आई तिच्या ओटीत पाव कसा बांधून द्यायची. यातलं अर्धंअधिक मला नवीन होतं.

पान बघायला मी पायरीपर्यंत गेले. पान नव्हतं, पण फेसाचा एक बुडबुडा होता. तो थांबला, आणि मी ओरडायच्या आधीच आईनं वरून हाक मारली, "फिरलं बघ पाणी." एवढ्या लांबून तिला कसं कळलं ठाऊक नाही. म्हणाली, वास बदलला.

निघताना तिनं पिशवीतून नारळ काढला. खंडेराव मार्केटमधून आदल्या दिवशी मला न सांगता मागवला होता. पाणी पूर्ण चढायला थोडा अवकाश होता. हळद-कुंकू लावून तिनं तो माझ्या भावाला सोडायला सांगितला. आमच्या डोळ्यांसमोर नारळ आत चालला, समुद्राकडे नाही, महीच्या पात्रात वर. आई हात जोडून बघत होती आणि भाऊ म्हणाला, "अगं, हा तर बडोद्याकडे निघाला." दिसेनासा होईपर्यंत आम्ही तिघं बघत होतो.

पत्रकाचा फोटो खाली जोडतेय. या महिन्याचंच आहे, पुढच्या महिन्यात जाणाऱ्यांनी नवीन विचारून घ्या.